चित्रदालन : आश्रय आणि कसोटी

गोव्यात 'चित्रशाळा' हा शब्द उच्चारला म्हणजे सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे भिंतीवर टांगलेल्या तसबिरी उभ्या राहत नाहीत. उभी राहते ती श्रावणातली गणपतीची शाळा : ओल्या चिकणमातीचा वास, ओळीने मांडलेल्या अर्ध्यामुर्ध्या रंगलेल्या मूर्ती, आणि घरचा पाट आणून ठेवून गेलेली व चार दिवसांआड 'आमच्या गणपतीचे डोळे आखून झाले काय' म्हणून विचारावयास येणारी माणसे. ह्या चित्रशाळेला निमंत्रणपत्रिका लागत नाही आणि तिचे उद्घाटनही होत नाही. तरीसुद्धा सोंडेचे वळण चुकले तर ते तोंडावर सांगणारा जाणता प्रेक्षक तिला लाभलेला असतो.

माटोळीचेही तसेच. गणपतीवर टांगलेल्या त्या लाकडी चौकटीत नारळाची पेण, सुपारीचे शिपटे, आंब्याचे टाळे, कांगलां, माट्टां आणि रानातली आणखी कितीतरी फळे गुंफलेली असतात. ती पाहावयास माणसे घरोघर हिंडतात. कोणते फळ कोठल्या रानात मिळते, कोणाची गुंफण दाट आहे, कोणी रंगांचा मेळ साधला आहे, ह्याची चर्चा करीत ती परततात. राज्याच्या कला आणि संस्कृती संचालनालयाने माटोळीच्या स्पर्धा भरवावयास आरंभ केला, त्याच्या कितीतरी आधीपासून ही समीक्षा गावोगाव चालत आलेली आहे. ह्या समाजाला पाहण्याची सवय नाही, असे म्हणण्यास म्हणूनच कोणी धजू नये.

मग हाच समाज चित्रदालनाच्या पायरीशी आला म्हणजे बिचकतो का? प्रश्न साधा आहे. पण स्थानिक कलावंतांसाठी चालविल्या जाणाऱ्या दालनांचे सारे यशापयश त्याच्या उत्तरात सामावलेले आहे. 'स्थानिक कलावंतांना उत्तेजन' हे शब्द आज प्रत्येक दालनाच्या माहितीपत्रकात आढळतात. ह्या उत्तेजनाचा अर्थ काय, आणि गोमंतकात त्याचा अनुभव कसा आला, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

आधी थोडा इतिहास. गोमंतकाने चित्रकार पुष्कळ दिले. ठेवले मात्र थोडे. आंतोनियो शावियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हे सांग्याचे. त्यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले आणि कर्तृत्वही मुंबईतच फुलले. फ्रान्सिस न्यूटन सूझा (१९२४–२००२) हे साळगावचे. १९४७ साली मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि दोनच वर्षांनी, १९४९ साली, ते लंडनला गेले. मडगावचे लक्ष्मण पै (१९२६–२०२१) १९५१ पासून दहा वर्षे पॅरिसमध्ये होते. पोंबुर्प्याचे वामन नावेलकार (१९२९–२०२१) लिस्बनला शिकले, मोझांबिकमध्ये त्यांनी अध्यापन केले, आणि त्या प्रवासात आपल्या चित्रांनी भरलेली पेटीच ते गमावून बसले. पोर्तुगीज अमदानीत चित्रकाराला शिकण्यासाठी गाव सोडावा लागे, प्रदर्शन भरविण्यासाठीही सोडावा लागे आणि विक्रीसाठी तर सोडावाच लागे. गोवा मुक्त झाला १९६१ साली. येथले कला महाविद्यालय निघाले १९७२ साली. आणि पै पुढे १९७७ ते १९८७ ह्या काळात त्याचे प्राचार्य झाले, ही परतीची पहिली मोठी खूण म्हणावी लागेल.

बाहेर जाणे हा काही दोष नव्हे. पण जो जातो त्याच्याबरोबर त्याची चित्रेही जातात, आणि मागे राहिलेल्या मुलांना आपल्याच मातीतल्या माणसाचे मूळ काम पाहावयास मिळत नाही. छापील प्रतीवरून चित्र शिकणे म्हणजे पत्रावरून आवाज ओळखणे होय. स्थानिक दालनाचे पहिले कर्तव्य म्हणून मी 'सांभाळणे' हे मानतो, 'दाखविणे' त्याच्यानंतरचे.

ह्या दृष्टीने गोव्यात दोन कामे विशेष मोलाची झाली आहेत. पणजीच्या फोंतेन्यास वाड्यात फुंदासांव ओरिएंतच्या वास्तूत त्रिंदाद घराण्याच्या चित्रांचा संग्रह आहे. त्यात आंतोनियो शावियर यांच्याबरोबर त्यांची कन्या आंजेला त्रिंदाद (१९०९–१९८०) यांचीही चित्रे आहेत. बाप आणि लेक ह्यांची कामे शेजारी पाहण्याचा हा योग भारतात विरळा. बापाचा हात पाश्चात्त्य वास्तववादी शिस्तीत मुरलेला. चेहऱ्यावर एका बाजूने पडणारा ऊबदार उजेड, मागचा गडद काळोख, आणि त्या दोहोंच्या सीमेवर जागी झालेली व्यक्ती. त्यांना 'पूर्वेचे रेम्ब्रांट' म्हणण्याची प्रथा आहे. ही पदवी मला फारशी रुचत नाही; कारण तिच्यामुळे प्रेक्षक रेम्ब्रांट शोधावयास लागतो आणि त्रिंदाद विसरतो. घरातल्या माणसांकडे पाहताना त्यांच्या कुंचल्यात जी सलगी उतरते, ती कोणाची उसनी नाही. लेकीने मात्र हाच वारसा घेऊन ख्रिस्ती विषय भारतीय वेषात आणि भारतीय रेषेत मांडण्याची वाट धरली. दोन पिढ्यांत दृष्टी कशी पालटली, हे सांगावयास येथे व्याख्यानाची गरज पडत नाही. दोन भिंती पुरतात.

दुसरे काम पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राचे. आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) हे सांत इस्तेव्ह बेटावरचे. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या परंपरेत ते घडले. परतल्यावर त्यांनी साडी नेसलेली मारिया रंगविली, आणि तत्कालीन गोव्यातील धर्मसत्तेला व राजसत्तेला ती मानवली नाही. फोन्सेकांनी पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घेतला आणि उरलेले आयुष्य तेथेच काढले. त्यांच्या निधनानंतर अनेक वर्षांनी त्यांच्या पत्नीने चित्रांचा मोठा संग्रह ह्या केंद्राकडे सोपविला. ज्या मारियेला जिवंतपणी गावाने दार लावले, ती अशा रीतीने गावी परत आली.

फोन्सेकांच्या चित्रांविषयी बोलताना भावविवश होण्याचा मोह टाळावयास हवा. बंगाली शैलीतल्या पातळ जलरंगाच्या थरांचा एक धोका असा की, त्यांत सगळेच चेहरे एकसारखे सोज्ज्वळ दिसू लागतात. फोन्सेकांची काही चित्रे ह्या धोक्यातून सुटलेली नाहीत. पण जेथे त्यांची मारिया कल्पनेतली देवता न राहता उंबऱ्याशी बसलेली एक थकलेली आई होते, तेथे रेषेला वजन येते आणि धर्मांतराचा, वेषांतराचा सारा वाद मागे पडतो. हा फरक छापील पुस्तकात कळत नाही. मूळ चित्रांच्या मालिकेपुढे उभे राहिल्यावरच कळतो. म्हणून संग्रह करताना केवळ उत्तमातले उत्तम न घेता चित्रकाराच्या अपुऱ्या, चुकलेल्या प्रयत्नांनाही जागा दिली पाहिजे. गौरवासाठी निवडलेली दहा चित्रे चित्रकाराची कीर्ती सांगतील; त्याची धडपड सांगणार नाहीत. आणि शिकणाऱ्याला खरी गरज धडपडीची असते.

सांभाळण्याविषयी इतके झाले. दाखविण्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे.

दाखवावयाचे कोणाला? गोव्यातील दालनांचा आर्थिक आधार बराचसा बाहेरून येणाऱ्या पाहुण्यावर आहे. हा पाहुणा माड, होडी, मासळीवाली आणि जुने घर ह्यांची अपेक्षा मनात धरूनच येतो. चित्रकारालाही संसार आहे. तो माड रंगवितो, होडी रंगवितो, आणि हळूहळू आपल्या गावाकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहू लागतो. येथे स्थानिकत्वाचा एक मोठा घोटाळा होतो. विषय स्थानिक, चित्रकार स्थानिक, दालन स्थानिक; दृष्टी मात्र चार दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या माणसाची.

ह्याचे उदाहरण मारिओ मिरांडा (१९२६–२०११) ह्या थोर रेखाटनकाराच्या कामात पाहावे. आज त्यांच्या रेषा कपांवर, फरशांवर आणि पिशव्यांवर छापून पर्यटकांच्या सामानातून देशोदेशी जातात. त्यात वावगे काही नाही. पण ह्याच मारिओंनी तरुणपणी लोटलीच्या आपल्या घरी रोजनिशा चितारल्या होत्या. १९४९, १९५० आणि १९५१ ह्या वर्षांच्या रोजनिशा पुढे ग्रंथरूपाने निघाल्या. त्या कोणाला विकण्यासाठी काढलेल्या नव्हत्या. त्यांत गावचा पाद्री आहे, नातलग आहेत, लग्नसमारंभ आहेत. आणि प्रत्येकाची खोड ओळखून काढलेली आहे. हात तोच, थट्टाही तीच. पण रोजनिशीतली थट्टा घरच्या माणसांत बसून केलेली आहे, आणि कपावरची ओळखदेख नसलेल्या माणसासाठी. पहिली पाहताना गावचा माणूस 'हा आपला अमका' म्हणून हसतो. दुसरी पाहून बाहेरचा माणूस 'गोवा असा असतो' म्हणतो. समाजासाठी चालणाऱ्या दालनाने रोजनिशीचा मारिओ आधी दाखवावा, असे मला वाटते. कपांचा खप होण्यासाठी त्याची मदत लागत नाही.

आता दुसरा घोटाळा. स्थानिक म्हणावयाचे कोणाला? वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) हे गोमंतकीय कुटुंबातले, पण जन्मले नागपूरला, वाढले आणि घडले मुंबईत, आणि अखेरची वर्षे त्यांनी दिल्लीत काढली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ साली त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरविले, तेव्हा गोव्यात 'आमचे गायतोंडे' म्हणून अभिमानाचे भरते आले. ते स्वाभाविकच होते. पण त्यांच्या कॅनव्हासवर माड नाही, होडी नाही, मनुष्याकृतीसुद्धा नाही. रंगाचे थर चढवून, पुसून, खरवडून साधलेली एक निःशब्द खोली तेवढी आहे. स्थानिक विषय हीच जर दालनाची कसोटी असेल, तर गायतोंडे तिच्यात बसत नाहीत. आडनाव हीच कसोटी असेल, तर बसतात. पण मग ती कसोटी चित्राची राहत नाही, वंशावळीची होते.

मला तिसराच निकष योग्य वाटतो. ज्याचे काम पाहून येथल्या शिकणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची दृष्टी वाढते, तो ह्या दालनाचा. मग तो जन्माने कोठलाही असो. आणि जो येथे राहून, येथल्या माणसांच्या टीकेला सामोरा जाऊन काम करतो, त्याचा हक्क पहिला. हा हक्क दालनात येण्याचा आहे, स्तुतीचा नव्हे.

२००७ साली पणजीतील जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत 'अपरान्त' नावाचे प्रदर्शन भरले होते. रणजित होस्कोटे यांनी त्याची मांडणी केली होती आणि गोवा पर्यटन विकास महामंडळाने त्याला पाठबळ दिले होते. गोव्याशी नाते असलेल्या जुन्या आणि नव्या कलावंतांना त्यांनी एका छपराखाली आणले. त्या प्रदर्शनाचे महत्त्व हे की, त्याने स्थानिक कलेची कीव केली नाही. नवोदितांची कामे ज्येष्ठांच्या सोबतीने मांडली, आणि तुलनेचा प्रसंग ओढवून घेतला. तुलना ही कठोर गोष्ट आहे. पण ती टाळणे म्हणजे कलावंताला कायमचे बालवर्गात बसविणे होय. प्रदर्शन संपते, इमारत रिकामी होते, हे मात्र त्याचे उणेपण. २०१६ पासून पणजीत डिसेंबरात भरणाऱ्या सेरेंडिपिटी कलामहोत्सवाविषयीही हेच म्हणता येईल. महोत्सवाने गर्दी जमते आणि कुतूहल वाढते. पण डोळा घडविण्याचे काम वर्षभर उघड्या राहणाऱ्या दाराचेच आहे.

असे दार उघडे ठेवण्याचा एक प्रयत्न पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत दिसतो. मूळचे डॉक्टर असलेले चित्रकार-शिल्पकार सुबोध केरकर यांनी २०१५ साली तेथे 'म्युझियम ऑफ गोवा' उभारले. गोव्याचा इतिहास वस्तूंच्या आणि मांडणीशिल्पांच्या द्वारे सांगावयाचा, ही तिची कल्पना. रविवारी तेथे व्याख्याने होतात, मुलांची वर्दळ असते. कारखान्यांच्या शेजारी कलेचे घर बांधण्यात एक निरोगी धाडस आहे. माझा आक्षेप एवढाच की, इतिहासाचा धडा स्पष्ट करण्याच्या ओघात काही ठिकाणी वस्तू स्वतः बोलण्याचे थांबते आणि तिच्यामागची कल्पनाच बोलू लागते. अर्थ कळला की पाहणे संपते. उत्तम कलाकृतीत अर्थ कळल्यानंतरही पाहण्यासारखे पुष्कळ उरते. तथापि हा आक्षेप घेता येतो तो त्या संस्थेने स्वतःची ठाम भूमिका घेतली आहे म्हणून. भूमिकाच नसलेल्या दालनावर टीका करावयासही काही हाती लागत नाही.

गोव्याबाहेरच्या आपल्या मराठी वसाहतींकडे पाहिले तर ह्या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. इंदुरात दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ साली चित्रकलेचे शिक्षण सुरू केले, आणि त्यांच्या हाताखालून नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जोशी, विष्णू चिंचाळकर अशी माणसे गेली. बेंद्रे आणि हुसेन बाहेर पडले. जोशी आणि चिंचाळकर इंदूरचेच राहिले. चिंचाळकर गुरुजींनी (१९१७–२०००) तर पुढे पाने, काड्या, टाकाऊ तुकडे ह्यांतून आकृती शोधण्याचा छंद लहानथोरांना लावला. बाजारभावाने मोजावयाचे तर हुसेन कोठे आणि चिंचाळकर कोठे! पण एखाद्या शहराला पाहावयास कोणी शिकविले, असे विचारले तर उत्तर निराळे येईल.

वडोदऱ्याला सयाजीरावांच्या काळी, १८९० साली, कलाभवन निघाले, आणि १९५० साली महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललितकला विद्याशाखा सुरू झाली. बेंद्रे तेथे अध्यापक म्हणून गेले. १९६१ साली त्या विद्याशाखेने कलामेळा भरविला. अध्यापक आणि विद्यार्थी यांनी आपल्या हातांनी केलेल्या वस्तू शहरातल्या माणसांपुढे मांडल्या. दालनाची पायरी चढावयास लोक बिचकतात, तर दालनानेच पायरी उतरावी, हा त्यातला विचार होता. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांच्यासारख्या शिक्षकाने आपल्या चित्रशाळेत शेकड्यांनी हात तयार केले. रवी परांजपे (१९३५–२०२२) हे त्यांच्यापैकी एक. ह्या तिन्ही ठिकाणी आधी गुरू आला, मग शिष्य, मग प्रेक्षक. दालन ह्या साऱ्यांच्या नंतर आले. जेथे दालन आधी बांधले जाते आणि माणसे मागून शोधली जातात, तेथे भिंती पांढऱ्याशुभ्र राहतात इतकेच.

आपल्या भाषेचाही येथे विचार केला पाहिजे. मराठी घरात आधुनिक चित्र प्रथम शिरले ते दालनातून नव्हे, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरून. गोमंतकाचे सुपुत्र दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनी १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. त्या अंकांतली चित्रे कापून चौकटीत बसविणारी घरे गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत होती. उच्चभ्रू समीक्षेने दलालांना सजावटकार म्हणून बाजूला सारले. त्यांच्या स्त्रीचित्रांतला गोडवा कधी कधी अतिरेकाला जातो, हे खरेच आहे. परंतु रंगांची धिटाई आणि रेषेची लय त्यांनी मराठी माणसाच्या ओसरीवर नेऊन पोचविली, आणि ती त्याच्या भाषेतल्या मजकुराच्या सोबतीने पोचविली. आज बहुतेक दालनांत चित्राखालची चिठी इंग्रजीत असते, माहितीपत्रक इंग्रजीत असते, चर्चाही इंग्रजीतच होते. ज्या गावात भाविक माटोळीवर कोंकणीत तासभर वाद घालतो, तेथे चित्राखाली कोंकणीतल्या आणि मराठीतल्या दोन ओळी असू नयेत? येथे कोणत्या भाषेचा मान मोठा हा आपला जुना तंटा उकरून काढण्याचे कारण नाही. दोन्ही भाषांत लिहावे. चित्रावर बोलावयास ज्याला शब्द मिळत नाहीत, तो गप्प राहतो; आणि गप्प राहिलेल्या प्रेक्षकाला आपण उगाच अरसिक ठरवितो.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे हाती लागते. गणपतीच्या चित्रशाळेत माणूस बिचकत नाही, कारण मूर्ती त्याच्या पाटावर घडत असते, ती घडताना तो पाहत असतो, आणि चूक दाखविण्याचा त्याचा अधिकार मूर्तिकाराने मान्य केलेला असतो. दालनात त्याला ह्यांतले काहीच मिळत नाही. काम पुरे होऊन, चौकटीत बसून, किंमत लावून त्याच्यापुढे येते. त्याने केवळ वाहवा करावयाची असते. स्थानिक दालनाला समाजाचे व्हावयाचे असेल, तर त्याने चित्रकाराचे काम चालू असताना लोकांना आत घ्यावे, कच्ची रेखाटने मांडावी, शाळेतल्या मुलांना चित्रकाराशी बोलू द्यावे, आणि प्रदर्शनाच्या अखेरीस एक दिवस स्पष्ट बोलण्यासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी हारतुरे नकोत.

आश्रय आणि कसोटी ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असा समज आपल्याकडे रुजला आहे. आश्रयदात्याला वाटते, टीका झाली तर कलावंत खचेल. टीकाकाराला वाटते, आश्रय मिळाला तर कलावंत बिघडेल. फोन्सेकांना गावाने आश्रय दिला नाही आणि कसोटीही लावली नाही. नुसता नकार दिला. त्या नकाराची भरपाई म्हणून आज आपण प्रत्येक स्थानिक चित्राला माना डोलावू लागलो, तर ते त्याच उदासीनतेचे दुसरे रूप होईल. न पाहता नाकारणे आणि न पाहता स्वीकारणे ह्यांत चित्राच्या दृष्टीने काही अंतर नाही.

येत्या चतुर्थीला माटोळी पाहावयास निघालेल्या वाचकाने वाटेतल्या एखाद्या दालनातही डोकवावे, आणि फळांच्या गुंफणीविषयी तो जितक्या मोकळेपणाने बोलतो तितक्याच मोकळेपणाने तेथे लावलेल्या चित्रांविषयीही बोलावे. चित्र आवडले नाही तर का आवडले नाही, ते दालनात बसलेल्या चित्रकाराला सांगावे. त्याला ते ऐकून वाईट वाटेल. पण पुढच्या खेपेस तो ह्याच माणसाची वाट पाहील.